पडदा आणि दिवा

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिण्याचे प्रयत्न पुष्कळांनीं केले आहेत. त्यांत नाटककारांचीं चरित्रें आहेत, नटांच्या आठवणी आहेत, कोणत्या पदास किती ‘वन्समोअर’ मिळाले याच्या हकीकती आहेत आणि नाटकमंडळ्यांच्या भाऊबंदकीचीं पुराणेंहि आहेत. परंतु नट ज्या कापडापुढें उभा राहिला तें कापड कसलें होतें, त्याच्या तोंडावर पडलेला उजेड कशाचा होता, आणि हीं दोन्हीं साधनें तशींच कां निवडलीं गेलीं, याचा विचार आमच्या नाट्यविषयक लेखनांत क्वचितच आढळतो. नाटक पाहणाऱ्यानें सुताराची व दिवेवाल्याची चौकशी करूं नये, असा कांहींसा संकेतच पडून गेला आहे.

हा संकेत मोडण्यास आम्हांस एक दुःखद निमित्त झालें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. शाहू महाराजांनीं १९१३ ते १९१५ या काळांत बांधविलेलें ‘पॅलेस थिएटर’ तें हेंच. ज्या गायक नटाचें नांव त्यास पुढें दिलें गेलें, त्याची जयंती दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ९ ऑगस्टला होती. शंभरांहून अधिक वर्षें ज्या लांकडी फळ्यांवर मराठी नट उभे राहिले, त्या एका रात्रींत राख झाल्या. आगीचें कारण शोधणें हें तज्ज्ञांचें काम. तें आमचें नव्हे. पण लांकूड, कापड, दोर आणि उष्ण दिवा हीं चार माणसें एकाच घरांत नांदतात त्या घराचें नांव नाट्यगृह, ही गोष्ट त्या रात्रीं पुन्हां एकदां डोळ्यांपुढें उभी राहिली. मग आम्हीं मागें वळून पाहूं लागलों, तों असें दिसून आलें कीं, मराठी नाटकाच्या बाह्य रूपाचा सारा इतिहास हा या चौघांच्या संसाराचा इतिहास आहे.

साधनांची निवड हा विषय आम्हांस परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. भरताच्या नाट्यशास्त्रांत आहार्याभिनयाचें विवेचन करतांना ‘पुस्त’ म्हणून एक प्रकार सांगितला आहे. पर्वत, रथ, विमान, ढाल, ध्वज इत्यादि वस्तू रंगावर आणावयाच्या, त्या वेळूच्या कामट्या, चटया, चामडें, वस्त्र अशा हलक्या पदार्थांच्या कराव्या. कांहीं यंत्रानें हलवाव्या. खऱ्या लोखंडाचीं शस्त्रें वापरूं नयेत, कारण त्यांच्या भारानें नट थकतो, असा व्यवहारी विचारहि तेथें आहे. म्हणजे रंगावरील वस्तु खरी असण्यापेक्षां हलकी असणें महत्त्वाचें, हा नियम आमच्याकडे फार जुना आहे. रंगकारागिरानें विचारावयाचा पहिला प्रश्न हाच: वजन किती?

१८४३ सालीं सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां हा प्रश्न जवळ जवळ उद्भवलाच नाहीं. एक पडदा, बसावयास कांहीं साधें आसन, आणि दिवट्यांचा उजेड, एवढ्यावर अयोध्या व मिथिला दोन्हीं उभ्या राहत. सूत्रधारानें पद्यांत सांगितलें कीं हें अरण्य आहे, म्हणजे तें अरण्य होई. परंतु त्या काळींहि एक चमत्कार प्रेक्षकांस हवा असे. राक्षस येण्याच्या वेळीं पेटत्या मशालीवर राळेची पूड उडवीत. तिचा एकदम भडका होई, आणि त्या लाल ज्वाळेंतून आरोळ्या ठोकीत राक्षस पुढें येई. मराठी रंगभूमीवरील ही पहिली प्रकाशयोजना. राळ कोणत्याहि वाण्याच्या दुकानांत मिळे, तिला यंत्र लागत नसे, आणि परिणाम तर मुलें आईच्या पदराआड लपावींत असा होई. पडद्याच्या कापडापासून हातभर अंतरावर हा खेळ चाले, हें आज आठवलें म्हणजे मात्र अंगावर कांटा येतो.

१८५३ सालीं ही मंडळी मुंबईस आली व तिनें ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत प्रयोग केले. हें नाट्यगृह १८४६ पासून चालूं होतें व त्याची घडण विलायती धर्तीची होती. तेथील रंगपीठास चौकट होती, पडदा वर जात असे, आणि मागें रंगविलेले देखावे असत. पुढें पारशी मंडळ्यांनीं हाच थाट उचलला; प्रसंगीं युरोपीय चित्रकारांकडूनहि पडदे रंगवून घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ झालें, त्या सुमारास सुशिक्षित प्रेक्षकांच्या मनांत नाटक म्हणजे पद, पोषाख आणि पडदा हें त्रिकूट पक्कें झालें होतें.

येथें एक शंका सहज येते. विलायतेस याच काळांत लांकडी चौकटींवर कापड ताणून, तीन भिंती उभ्या करून, खरीं दारें व खिडक्या लावून दिवाणखाना उभा करण्याची रीत सुरू झाली होती. मग आमच्या मंडळ्यांनीं ती न घेतां रंगविलेला पडदाच कां घेतला? रसिकतेचा अभाव, असें उत्तर कोणी देईल. आमच्या मतें खरें उत्तर बैलगाडींत आहे. मराठी नाटक मंडळी ही एका गांवीं बसणारी संस्था नव्हती. आज सांगली, उद्यां बेळगांव, परवां नागपूर किंवा इंदूर, असा तिचा मुक्काम हाले. स्टेशनापर्यंत आगगाडी आणि पुढें बैलगाडी. खोली गाडींत मावत नाहीं, पडदा मावतो. राजवाडा, अरण्य, रस्ता, तुरुंग आणि कैलास हीं पांच ठिकाणें पांच वेळूंवर गुंडाळून एकाच गाडींत घालतां येत, आणि मुक्कामास पोंचल्यावर दोन कप्प्या व चार दोर बांधले कीं त्रैलोक्य उभें राही. पडदा हा आमच्या अज्ञानाचा नव्हे, तर प्रवासाचा पुरावा आहे.

असा पडदा करणें हें कांहीं सामान्य काम नव्हे. कापड बहुधा जाड मांजरपाट. पट्टे आडवे जोडावयाचे, कारण उभ्या शिवणीस पडदा लोंबतांना मुरड पडते. त्यावर प्रथम पातळ सरस आणि खडूचा हात द्यावयाचा, म्हणजे सूत रंग पीत नाहीं. मग गेरू, पिवडी, हिरमिजी, नीळ, काजळ, सफेता हे कोरडे रंग कोमट सरसांत खलून लावावयाचे. तैलरंग टिकाऊ असूनहि पडद्यास वर्ज्य, आणि त्याचीं कारणें तीन. तेलानें कापड जड होतें. गुंडाळून गुंडाळून रंगाचे पापुद्रे सुटतात. आणि दिव्यापुढें तेल चकाकतें, त्यामुळें आकाशास काचेसारखी झळक येते. सरसाचा रंग मात्र मऊ व निस्तेज बसतो, आणि निस्तेज पृष्ठच दूरत्वाचा भास उत्पन्न करतें. सरसाचा दोष एकच, तो पाण्याचा वैरी. पावसाळी हवेंत गुंडाळलेला पडदा ओलसर झाला, कीं उलगडतांना अरण्याचा हिरवा रंग राजवाड्याच्या खांबास लागलेला दिसावयाचा. कोणत्याहि साधनाचे गुण घ्यावे, तर त्याच्या दोषांशींहि संसार करावाच लागतो.

आतां दिव्याकडे वळूं. तेलाची ज्योत पिवळट तांबूस असते. तिच्या उजेडांत पिवळा रंग पांढऱ्यांत मिसळून जातो आणि निळा मळकट, काळवंडलेला दिसतो. म्हणून दिवसां रंगवितांना जें आकाश सुंदर दिसे, तें रात्रीं मेघाच्छादित भासे. जाणता चित्रकार आपला पडदा दिव्याखालीं तपासून पाही व निळ्यांत पांढऱ्याचें प्रमाण वाढवी. पुढें किटसनच्या बत्त्या आल्या. रॉकेलची दाबाखालीं वाफ करून ती जाळीच्या टोपीवर जाळणाऱ्या या बत्तीचा उजेड पांढराशुभ्र व किंचित हिरवट. तिनें रंगभूमी एकदम उजळली, पण पूर्वीच्या ज्योतीसाठीं रंगविलेले पडदे भडक आणि नटांचे लालीनें माखलेले गाल निराळेच दिसूं लागले. दिवा बदलला कीं रंगपेटी बदलते. ज्यानें हें ओळखलें नाहीं त्याचे पैसे फुकट गेले.

विलायतेंत दिव्याची ही वाटचाल अधिक झपाट्यानें व अधिक भयंकर रीतीनें झाली. १८१७ त लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांत धूरवायूचे दिवे रंगपीठावर आले. त्यांचा मोठा गुण हा, कीं एक चावी फिरवून सारा रंग मंद वा तेजस्वी करतां येई. चुन्याचा खडा प्राणवायु व उज्जवायु यांच्या ज्वाळेंत तापवून एकाच नटावर झोत टाकण्याची युक्ति १८३७ पासून प्रचारांत आली. पण उघडी ज्वाळा आणि लोंबतें कापड यांचें सख्य किती दिवस टिकणार? ८ डिसेंबर १८८१ रोजीं व्हिएन्ना येथील रिंग नाट्यगृहास दिवे लावतांनाच आग लागली व साडेतीनशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनीं, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा रंगमंच प्रथमच विजेच्या दिव्यांनीं उजळला. तेथील चालक डॉयली कार्ट हे स्वतः रंगावर आले, एक जळता दिवा त्यांनीं मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळला आणि हातोडीनें फोडला. दिवा विझला, मलमल जशीच्या तशी राहिली. त्या दिवशींच्या प्रेक्षकांस या मलमलीची किंमत काय वाटली असेल, हें व्हिएन्नाची वार्ता ताजी असतांना सांगावयास नको.

आमच्याकडे पडद्याचें खरें वैभव विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दिसलें. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मिस्त्री हे चुलत बंधु, पुढें ‘पेंटर’ याच नांवानें महाराष्ट्रास माहीत झालेले, या कलेंतले राजे. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, आणि १९१३ त निघालेली बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, यांच्यासाठीं उत्तम देखावे करविण्यांत पैशाचा हिशेब कोणी पाहिला नाहीं. पडदा वर गेला कीं नट येण्यापूर्वींच टाळ्या पडत; त्या टाळ्या कापडास व रंगास होत्या. आनंदराव १९१६ त वारले. बाबूरावांनीं कुंचला न टाकतां कॅमेरा हातीं घेतला, १९२० त ‘सैरंध्री’ चित्रपट केला आणि १९२३ च्या ‘सिंहगड’ मध्यें कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. पडदे रंगविणारा माणूस दिव्यांकडे गेला, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाहीं. खोटी सावली रंगवितां रंगवितां खरी सावली पाडण्याची इच्छा त्यास झाली असावी.

आणि हाच आमच्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा आहे. पडद्यावर चित्रकार खांब रंगवितो, तेव्हां त्या खांबाची सावलीहि रंगवितो. ती सावली एकाच बाजूस कायमची पडलेली असते. दिवे मंद होते, समोरून व पायाकडून येत होते, तोंवर ही लबाडी खपून गेली. विजेचा जोरदार दिवा वरून व बाजूनें आला, तेव्हां पंचाईत झाली. रंगविलेली सावली डावीकडे, नटाची खरी सावली उजवीकडे. आणि नट दोन पावलें मागें सरला कीं त्याची सावली थेट आकाशावर! शिवाय दूरचा म्हणून लहान रंगविलेला राजवाडा नट जवळ जातांच त्याच्या खांद्यास लागे. तात्पर्य, पडदा हा मंद दिव्याचा मित्र होता. तीव्र दिव्यानें त्याचें बिंग फोडलें.

मग जिला खरी सावली पडेल अशी भिंत रंगावर आणणें प्राप्त झालें. ललितकलादर्श मंडळीनें मामा वरेरकरांच्या ‘सत्तेचे गुलाम’ या १९२२ सालच्या नाटकाच्या सुमारास वास्तव देखाव्याकडे पाऊल टाकलें, आणि त्यांत चित्रकार पु. श्री. काळे यांचा हात होता. १९३३ त ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेनें मुंबईंत ‘आंधळ्यांची शाळा’ केलें, तेव्हां तीन भिंतींचा दिवाणखाना मराठी प्रेक्षकांनीं नीट पाहिला. भिंत आली तशी तिच्याबरोबर निराळी सामग्री आली: सागाऐवजीं हलक्या लांकडाच्या पट्ट्या, कोपऱ्यांस चौकोनी फळीचे तुकडे, मागून तिरकस टेकू, दोन चौकटी जोडण्यास दोरीची गुंफण. कारण पडदा दोरीस लोंबतो, पण भिंतीस स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागतें. आणि दार जोरानें लावतांच सारी भिंत थरथरली, तर घरांतील गंभीर कलह पाहून प्रेक्षक हंसल्याशिवाय राहत नाहींत.

आमच्या या मतावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. पडदा गेला तो दिव्यामुळें नव्हे, बोलपटामुळें गेला; १९३२ त ‘अयोध्येचा राजा’ आला, मंडळ्या बुडाल्या, आणि त्यांच्याबरोबर पडदेहि बुडाले, असें कोणी म्हणेल. यांत तथ्य आहे. परंतु बोलपटानें मंडळ्या मारल्या असें मानलें, तरी त्यानंतर जें नाटक पुन्हां उभें राहिलें, त्यानें पडद्याकडे पाठ कां फिरविली, याचें उत्तर त्यांत मिळत नाहीं. उलट विदर्भांतील झाडीपट्टीकडे पाहावें. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत दिवाळीनंतर गांवोगांव रात्रभर नाटकें होतात, वडशाच्या मंडळ्या हिंडतात, आणि तेथें रंगविलेला पडदा अद्यापि टिकून आहे. बोलपट तेथेंहि पोंचला; पण मंडळीचा प्रवास संपला नाहीं. जेथें प्रवास आहे तेथें पडदा आहे. यावरून साधनें फॅशननें नव्हे, गरजेनें जगतात व मरतात, हेंच सिद्ध होतें.

विजेनें आगीची भीति गेली, हा समज मात्र लवकरच खोटा ठरला. ३० डिसेंबर १९०३ रोजीं शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहांत विजेच्याच झोतदिव्याची ठिणगी कापडास लागली. आग अडविण्यासाठीं असलेला ॲस्बेस्टॉसचा पडदा खालीं येतां येतां मध्येंच अडकला, आणि सहाशेंहून अधिक लोक, त्यांत पुष्कळ मुलें, प्राणांस मुकले. नाट्यगृह नवें होतें व आगीपासून निर्भय म्हणून गाजविलेलें होतें. ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांस घातक, हें पुढें कळलें व त्याचाहि त्याग करावा लागला. दिवे मंद करण्यासाठीं एके काळीं मिठाच्या पाण्याचीं भांडीं वापरीत. त्यांत धातूची पट्टी जसजशी खोल बुडवावी तसतसा दिवा उजळे. युक्ति स्वस्त, पण पाणी तापून वाफा निघत, आणि ओल्या हातानें काम करणाराचा जीव धोक्यांत असे. आजचे थंड प्रकाशाचे छोटे दिवे पूर्वीच्या दिव्यांच्या मानानें फारच थोडी उष्णता देतात. तरीहि जुन्या तारांवर नवा भार घातला कीं तार तापतेच. आग पूर्वी ज्योतींत दिसत असे, आतां ती भिंतींत लपते, एवढाच काय तो फरक.

आणि खेदाची गोष्ट ही, कीं उपाय नवा नाहीं. १६३८ त इटलींतील साब्बातिनीनें रंगांत माती व जिप्सम मिसळण्याची सूचना केली होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यानें १८२१ त, नाट्यगृहांतील कापड पेटूं नये म्हणून, अमोनियम फॉस्फेट, नवसागर व टाकणखार यांच्या द्रावणांत तें भिजविण्याची रीत तपासून दाखविली. टाकणखार सोनाराच्या पेटींत असतो, नवसागर कल्हईवाल्याच्या थैलींत. कापड एकदां धुतलें कीं हे क्षार निघून जातात व पुन्हां द्यावे लागतात, एवढीच काय ती अडचण. पण जो कारभारी पडद्याच्या जरीस पैसे मोजतो, तो टाकणखारास मोजीत नाहीं, कारण जर प्रेक्षकांस दिसते आणि टाकणखार दिसत नाहीं.

इतिहासाचें चक्र कसें फिरतें पाहा. १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यास ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आलें. त्यांत ना रंगविलेला पडदा, ना तीन भिंतींचा दिवाणखाना. ओळीनें उभीं राहून डोलणारीं माणसें हाच पडदा, आणि ती ओळ दुभंगली कीं मागचें दृश्य उघड होई. भाव्यांच्या सूत्रधारानें शब्दांनीं अरण्य उभें केलें होतें. सव्वाशें वर्षांनीं नटांच्या पाठींनीं भिंत उभी केली. वजनाच्या प्रश्नास याहून चांगलें उत्तर मिळणें कठीण.

या साऱ्या इतिहासांतून आम्हांस तीनच प्रश्न हातीं लागतात. ही वस्तु उचलावयाची कोणी, हिच्यावर उजेड कसला पडणार, आणि ही पेटली तर काय? भरतानें पहिला प्रश्न विचारला. पेंटर बंधूंच्या पिढीनें दुसरा विचारला. तिसरा प्रश्न मात्र आम्ही प्रत्येक आगीनंतर विचारतों, आणि प्रत्येक उद्घाटनाच्या दिवशीं विसरतों. कोल्हापूरच्या जुन्या वास्तूची राख पाहून ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, त्यांचें दुःख आम्ही जाणतों. पण केशवरावांचें खरें स्मारक नव्या खुर्च्यांत वा नव्या कमानींत नाहीं. पडदा टांगणारा, दिवा बसविणारा, शिडीवर चढणारा जो अनाम कारागीर, तो खेळ संपल्यावर सुखरूप घरीं गेला, असें ज्या नाट्यगृहास रोज रात्रीं सांगतां येईल, तें त्यांचें स्मारक. नटास टाळ्या मिळतात. या माणसाच्या वांट्यास टाळी येत नाहीं. त्याच्या वांट्यास निदान टाकणखार यावा.